शेजाऱ्याच्या हातातले पत्ते

मराठवाड्यातल्या वाळूजजवळच्या बजाजनगरातल्या ख्रिस्ती घरांना टॅरो आता परका राहिलेला नाही. मोबाइलवर रील सरकवताना एखादी बाई तीन पत्ते पालथे मांडते, त्यातला एक मनात धरायला सांगते आणि येत्या पंधरा दिवसांत तुम्हाला चांगली बातमी कळणार, असे हिंदीत खात्रीने बोलते. ज्याला कंपनीच्या फोनची वाट आहे, तो ते शेवटपर्यंत ऐकतो. कोणी त्यापुढे जाऊन पैसे भरतो आणि व्हॉट्सअॅपवर स्वतःसाठी पत्ते काढून घेतो. मग रविवारी भक्ती संपल्यावर तरुण संघात कोणीतरी दबक्या आवाजात विचारतो, हे पाहिलं तर चालतं का? उत्तर तयार असते. अनुवादाचा अठरावा अध्याय उघडतात, शकुन पाहणारे, मंत्रतंत्र करणारे, मृतांना विचारणारे यांची यादी वाचतात, हे सगळे सैतानाचे आहे असे सांगतात, आणि प्रार्थना करून बैठक उठते.

या उत्तरातली मनाई मला पूर्ण मान्य आहे. उद्या काय होणार हे विचारायला ख्रिस्ती माणसाने टॅरोकडे जाऊ नये, कुंडलीकडे जाऊ नये, पोपटवाल्याकडेही जाऊ नये. यात मला तडजोड नको आहे. पण हे उत्तर देताना आपण आणखी दोन गोष्टी बोलून जातो. एक, त्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांत खरोखरच काही शक्ती बसलेली आहे. दुसरी, जो शेजारी ते पत्ते पाहतो, पंचांग पाहतो, दारावर लिंबू-मिरची टांगतो, तो अंधारात आहे आणि आपण त्याच्याहून वर आहोत. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि त्या चुकीच्या आहेत हे पवित्र शास्त्रावरूनच दाखवता येते.

आधी पत्ते. टॅरोचा जोड पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तयार झाला, तो खेळण्यासाठी. हुकूम मारून हात करायचा, असा तो खेळ होता. मिलानच्या विस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेले पत्ते आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. त्यांच्यावरची चित्रे कोठून आली? पोप, न्याय, संयम, धैर्य, आणि शेवटच्या दिवशी कर्णा फुंकणारा देवदूत व थडग्यातून उठणारे मृत. टॅरोत सैतानाचाही एक पत्ता आहे, पण तोही त्या काळच्या चर्चच्या भिंतींवर रंगवलेला असायचाच. भविष्य सांगायला या पत्त्यांचा पद्धतशीर वापर सुरू झाला तो अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. कूर द जेबलँ नावाच्या पंडिताने 1781 मध्ये लिहिले की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुजाऱ्यांचे गुप्त ज्ञान आहे. हा गृहस्थ एके काळी प्रोटेस्टंट पाळक होता. त्याच्याकडे पुरावा काहीच नव्हता, कारण इजिप्तची चित्रलिपी तोवर कोणाला वाचताही येत नव्हती. आज मोबाइलवर दिसतो तो 78 पत्त्यांचा जोड 1909 मध्ये लंडनमध्ये निघाला. त्याची चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढली, आणि दोनच वर्षांनी, 1911 मध्ये, ती कॅथलिक झाली. टॅरो हा मुळात खेळ होता हे विसाव्या शतकात ज्याने कागदपत्रांनिशी सिद्ध केले, तो ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ मायकेल डमेट हाही श्रद्धावान कॅथलिक होता.

हे मी दोघांनाही सांगतो. टॅरो सांगणाऱ्यांनी आपल्या विद्येला हजारो वर्षांचे वय लावू नये. आणि आपल्या मंडळीतल्या उपदेशकांनी या पत्त्यांना अंधाराच्या राज्याचे शस्त्र म्हणू नये. पत्ता हा छापलेला कागद आहे. त्यात सैतान राहतो असे मुलांना सांगितले की मूल पत्त्याला भिऊ लागते, आणि अशी भीती ज्या घरात शिरते त्या घराला भविष्यवेत्त्याइतकाच भुतांवर विश्वास ठेवावा लागतो. अंगात काही आले, घराला काही लागले, शेजारणीने काही केले, ही सगळी भाषा मग ख्रिस्ती शब्दांत परत येते. मराठवाड्यातल्या आमच्या कितीतरी कुटुंबांच्या आजोबा-पणजोबांनी ख्रिस्त स्वीकारला तेव्हा भगत आणि देवऋषी यांच्या भयातून बाहेर पडणे हा त्यांच्या सुटकेचा मोठा भाग होता. तेच भय आपण बायबलच्या कापडात गुंडाळून नातवंडांना देत असू, तर त्यांनी मिळवलेले आपण घालवतो आहोत.

मग मनाई कशासाठी? पत्ता निर्जीव असेल तर तो पाहिल्याने काय बिघडले? मला वाटते बिघडते ते विचारणाऱ्याच्या आत. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो ती एका दिवसाची. उद्याची चिंता करू नका असे तो डोंगरावर सांगतो, ते बेफिकिरी शिकवायला नव्हे. उद्याचा दिवस कोणाच्या हातात आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने तो चोरून पाहायला जाणे हा अविश्वास आहे. बापाने सांभाळण्याचे वचन दिलेल्या मुलाने रात्री बापाचे खिसे तपासावेत, तसे ते आहे. दुसरे असे की पत्ता मनावरची जबाबदारी उचलून नेतो. सोडलेली नोकरी, मोडलेले लग्न, न केलेला फोन, हे सारे 'पत्त्यांत होतं' म्हणता येते. पश्चात्तापाला जागा उरत नाही, आणि पश्चात्तापाशिवाय आमच्या धर्मात पहिले पाऊलही पडत नाही. ही कारणे माझी आहेत, माझ्या विश्वासातून आलेली आहेत. ज्याने तो विश्वास पत्करलेला नाही त्याला ती लागू होत नाहीत. त्याच्याशी बोलायचे तर साधा पुरावा पुरतो. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये पुण्यात ज्योतिषांची चाचणी घेतली. हुशार मुले आणि बौद्धिक अपंगत्व असलेली मुले यांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिषांना वेगळ्या करायला दिल्या. नुसते नाणे उडवले असते तरी निम्मी उत्तरे बरोबर आली असती. ज्योतिषांची सरासरी त्याहूनही थोडी कमी भरली. त्या चाचणीत सैतानाला आणावे लागले नाही.

आता तो अठरावा अध्याय नीट वाचू. त्यात इस्राएलाला सांगितले आहे की ती राष्ट्रे शकुन पाहणाऱ्यांचे ऐकतात, पण तुला तुझ्या देवाने तशी मोकळीक दिलेली नाही. मनाई 'तुला' आहे. अर्थात एवढ्यावर कोणी थांबू देणार नाही, आणि देऊ नये. त्याच अध्यायात या गोष्टींना अमंगळ म्हटले आहे आणि त्यांच्यामुळेच ती राष्ट्रे तिथून हाकलली जात आहेत असेही म्हटले आहे. हे वाक्य मी झाकून ठेवणार नाही. पण ते एका देशात शिरणाऱ्या लोकांना उद्देशून आहे. मंडळीला कुठलाही देश जिंकायला दिलेला नाही. पेत्राने तलवार उपसली तेव्हा प्रभूने ती म्यानात घालायला लावली. त्या रात्रीनंतर हाकलून देण्याची ती आज्ञा ख्रिस्ताच्या नावाने कोणी शेजाऱ्यावर चालवू शकत नाही. ज्यांनी ती चालवली त्यांचे काय झाले हे शोधायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. गोवा जवळ आहे. तिथल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, 1736 च्या फर्मानाने कोकणी ख्रिस्ती लोकांच्या अंगणातल्या तुळशीवर, लग्नातल्या ओव्यांवर, विडा-सुपारीच्या रीतीवर बंदी घातली. विश्वास राखण्यासाठी म्हणून त्यांनी लोकांची स्वयंपाकघरे तपासली. इतक्या वर्षांनंतरही त्या काळाचे नाव आले की गोव्यातल्या ख्रिस्ती माणसाला मान खाली घालावी लागते.

शास्त्रातल्या चार जागा मला या विषयात पुन्हा पुन्हा वाचाव्याशा वाटतात.

पहिली एन-दोरची. शौल राजाने भूतविद्येवाल्यांना देशातून घालवले होते. मग पलिष्टी सैन्य समोर आले, देवाकडून उत्तर मिळेना, तेव्हा हाच राजा वेष पालटून रात्री त्या बाईच्या दारात गेला. बंदी घालणाराच भीतीने दार ठोठावतो, ही गोष्ट मंडळीच्या प्रत्येक वडीलजनाने लक्षात ठेवावी. पण मला त्याहून मोठा वाटतो तो शेवट. मृत शमुवेलाचे शब्द ऐकून राजा जमिनीवर कोसळतो. दिवसभर त्याच्या पोटात काही गेलेले नसते. आणि ती बाई, जिच्या जातीच्या लोकांना त्याने हाकलले होते, घरचे पोसलेले वासरू कापते, पीठ मळते, बेखमीर भाकरी भाजते आणि त्याला जेवू घालते. शौल चुकला असे शास्त्र म्हणते. तिच्या हातच्या त्या जेवणाविषयी मात्र एकही दूषण नाही.

दुसरी फिलिप्पैची. तिथे पौलाच्या मागे एक दासी ओरडत फिरते, तिच्या अंगी भविष्य सांगणारा आत्मा आहे आणि तिचे धनी तिच्यावर भरपूर कमावतात. पौल त्या आत्म्याला घालवतो. तिला तो एक शब्दही बोलत नाही. मग चिडतात कोण? धनी. कमाई बुडाली म्हणून ते पौलाला फटके मारवतात आणि तुरुंगात टाकतात. टॅरोच्या बाबतीत आपला राग कुठे असावा हे इथे स्वच्छ दिसते. रात्री दोन वाजता घाबरून पत्ते पाहणाऱ्या बाईवर तो नसावा. 'तुमच्यावर कोणीतरी करणी केली आहे, पाच हजारांत काढून देतो' म्हणणाऱ्यावर तो असावा, मग त्याच्या हातात पत्ते असोत, नारळ असो की बायबल.

तिसरी इफिसची. जादूटोणा करणाऱ्या कितीतरी जणांनी विश्वास धरला आणि आपापली पुस्तके आणून जाळली. त्यांची किंमत पन्नास हजार चांदीची नाणी भरली. आमच्या संमेलनांत हा उतारा आवेशाने वाचला जातो. त्यात एकच तपशील निसटतो: ती पुस्तके जाळणाऱ्यांची स्वतःची होती. पौल कोणाच्या घरात शिरून काही उचलून आणत नाही. उलट त्या गावात दंगल झाली तेव्हा नगराच्या चिटणिसाने जमावाला सांगितले की या माणसांनी देवळे लुटलेली नाहीत आणि आपल्या देवीची निंदा केलेली नाही. ख्रिस्ती माणसाविषयी परक्या अधिकाऱ्याला अशी ग्वाही देता आली पाहिजे.

आणि चौथी बेथलेहेमची, जी आपण दर नाताळाला नाटकात बसवतो. पूर्वेकडचे ज्ञानी लोक तारा पाहून आले. ते ज्योतिषी होते, नक्षत्रांवरून राजाचा जन्म ओळखणारे. शास्त्र ज्यांना माहीत होते ते यरुशलेमेतले पंडित जागचे हलले नाहीत आणि ज्योतिषी मात्र बाळाच्या पायाशी पोचले. मत्तयाने त्यांना आधी तारे सोडून या असे सांगितलेले नाही. यावरून ज्योतिष खरे ठरत नाही. पण देव माणसाला कुठल्या वाटेने गाठील हे ठरवणारे आपण कोण, हा प्रश्न तरी पडायला हवा.

आता आमच्याच घरात डोकावू. 31 डिसेंबरच्या रात्री वर्षाखेरची भक्ती असते. बारा वाजतात, सगळे एकमेकांचे हात हातात घेतात, आणि मग कुठे डबा, कुठे ताट फिरवतात. त्यात रंगीत चिठ्ठ्या किंवा छापील कार्डे असतात, प्रत्येकावर एकेक वचन. डोळे मिटून, मनात प्रार्थना करून एक उचलायचे. ते आपले वर्षाचे वचन. कोणाला संरक्षणाचे स्तोत्र येते, तो सुखावतो. कोणाला शिक्षेचे येते, तो कार्ड खिशात घालतो आणि घरी जाईपर्यंत बोलत नाही. कोणी हळूच परत ठेवून दुसरे काढतो. मी हे लहानपणापासून पाहत आलो आहे आणि मला त्याची माया आहे. पण हात तोच, मिटलेले डोळे तेच, छातीतली धडधड तीच. ज्याने कधी टॅरोचा पत्ता उचललेला नाही त्यालाही ती धडधड ओळखीची आहे.

हा पेच जुना आहे. संत ऑगस्टीनने आपल्या एका पत्रात शुभवर्तमानाची पाने उघडून भविष्य पाहणाऱ्यांना नापसंती दाखवली आहे. भुतांना विचारण्यापेक्षा ते बरे, पण देवाचे वचन संसारातल्या किरकोळ कामांसाठी वापरणे त्याला रुचत नव्हते. आणि याच ऑगस्टीनचे हृदयपरिवर्तन 386 मध्ये मिलानच्या एका बागेत झाले ते पौलाचे पुस्तक उघडून नजर पडली तो उतारा वाचल्याने. 506 मध्ये फ्रान्समधल्या आग्द इथल्या धर्मसभेने शास्त्राची पाने उघडून शकुन पाहण्यावर बंदी घातली, म्हणजे धर्मगुरूही ते करत होते. जर्मनीतल्या मोरेव्हियन मंडळीने 1731 पासून दर दिवसासाठी चिठ्ठीने निवडलेले वचन छापायला सुरुवात केली आणि ते पुस्तक आजही निघते. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकूनच केली. चिठ्ठी आणि प्रार्थना यांच्यातली रेघ ख्रिस्ती इतिहासात कधीच आपण समजतो तितकी ठळक नव्हती. मी वचनाची कार्डे बंद करा म्हणत नाही. त्या कार्डाचा उतारा घरी जाऊन संपूर्ण वाचावा, वर्षाचे भाकीत म्हणून ते धरू नये, असे पाळकांनी त्याच रात्री सांगावे, एवढेच म्हणतो. आणि ते कार्ड छातीशी धरून घरी जाताना शेजारच्या खिडकीतल्या पंचांगाकडे तुच्छतेने पाहू नये.

याहून गंभीर गोष्टही आहे. मोठ्या मांडवांत होणाऱ्या आरोग्यदानाच्या सभांत स्टेजवरून कोणी 'निळा शर्ट घातलेल्या भावाला किडनीचा त्रास आहे' असे सांगतो, अभिषेकाच्या तेलाच्या बाटल्या विकल्या जातात, गोळ्या बंद करा म्हणून सांगितले जाते. याला भविष्यवाणीचे दान म्हणायचे आणि टॅरोला सैतान म्हणायचे, हे प्रामाणिक नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याची मांडणी आमच्या लोकांनी एकदा वाचावी. घरातली, देवळातली, दर्ग्यातली, चर्चमधली प्रार्थना त्याने मोकळी ठेवली आहे. जोशी-ज्योतिषी आणि नंदीबैलवाले यांच्या सल्ल्यालाही त्याने हात लावलेला नाही. जिथे माणसाला इजा होते, उपचार रोखले जातात, भीती घालून लुबाडले जाते, तिथे त्याने रेघ ओढली आहे. फिलिप्पैत पौलाला जी रेघ दिसली तीच ही, असे मला वाटते. या कायद्याखाली उद्या एखाद्या ख्रिस्ती उपदेशकावर कारवाई झाली तर छळ झाला म्हणून ओरडण्याआधी त्याने काय केले होते हे आपण पाहायला हवे.

टॅरोकडे माणसे का जातात, याचे उत्तर बजाजनगरात शोधायला फार फिरावे लागत नाही. 1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने ही वसाहत वाढली. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून पोरे आली. जे त्या काळी कायम झाले त्यांची घरे झाली, मुले इंजिनिअर झाली. आता येणाऱ्या पोराला ठेकेदारामार्फत घेतात, काही महिन्यांनी ब्रेक देतात. पुन्हा घेतील की नाही हे सुपरवायझरलाही माहीत नसते. खोलीचे भाडे थांबत नाही, गाडीचा हप्ता थांबत नाही. अशा माणसाच्या डोक्यात एकच प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर त्याला देणारा कोणीही नसतो. मोबाइलवरची ती बाई निदान उत्तर देते.

माझ्या ओळखीतल्या एका ख्रिस्ती बाईने नवऱ्याला ब्रेक मिळाल्यावर टॅरोला पैसे भरले. दिवाळीपर्यंत परत बोलावतील का, एवढेच तिने विचारले होते. ही गोष्ट तिच्या प्रार्थनासभेत कळली तेव्हा तिला सगळ्यांसमोर उभे करून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायला लावली. घरात शत्रूला दार उघडून दिलेस, असे तिला ऐकवले. नवऱ्याच्या कामाचे काय झाले, हे त्या संध्याकाळी कोणी विचारले नाही. त्या सभेत असे दोघे-तिघे बसलेले होते की ज्यांच्या कंपनीत तेव्हा भरती चालू होती. ती बाई पुढे यायची बंद झाली. तिने केलेले मला बरोबर वाटत नाही. पण त्या संध्याकाळचा हिशेब द्यायची वेळ आली तर तिचा हिशेब त्या सभेपेक्षा हलका ठरेल, याबद्दल मला शंका नाही. फादर थॉमस स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणात, जे 1616 मध्ये गोव्यात छापले गेले, एक नवख्रिस्ती माणूस विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही काढून घेतली, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे काही का देत नाही? त्या प्रश्नाला उत्तर म्हणून स्टीफन्सने अकरा हजारांच्या जवळपास ओव्या मराठीत लिहिल्या. टॅरो काढून घेणाऱ्या आमच्या मंडळ्यांनी त्या जागी काय ठेवले आहे?

दुसऱ्यांच्या श्रद्धांशी कसे वागावे, याचा मराठी ख्रिस्ती लोकांजवळ दोनशे वर्षांचा अनुभव आहे आणि तो सगळा अभिमानाचा नाही. मुंबईत 1831 मध्ये मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू पंडित मोरभट दांडेकर यांचा वाद झाला, 1857 मध्ये समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी भिडले. त्या वादांत दोन्हीकडे विद्वत्ता होती, पण मिशनरी पुस्तिकांत दुसऱ्याच्या देवांची जी टवाळी छापली गेली तिचे ओझे पुढच्या पिढ्यांतल्या साध्या ख्रिस्ती माणसाने वाहिले. याच्या दुसऱ्या टोकाला रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. काही वर्षांनी त्या परत नवऱ्याकडे आल्या, त्याही आपले सोवळे-ओवळे घेऊन. टिळकांनी सक्ती केली नाही; बाईंचे मन आपल्या वेळेने बदलले आणि 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात त्यांनी ते जसेच्या तसे लिहून ठेवले. तुकारामाने आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणले असे टिळक उघड सांगत. आयुष्याच्या शेवटी, 1917 मध्ये, त्यांनी 'देवाचा दरबार' काढला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही ख्रिस्ताचे म्हणून जागा दिली. टिळकांचा विश्वास पातळ होता असे कोणी म्हणू शकेल का?

मनाई आणि आदर या दोन गोष्टी कॅथलिक चर्चनेही एकत्र धरल्या आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी इतर धर्मांतले सत्य आणि पवित्र असे काहीही नाकारायचे नाही हे जाहीर केले. त्याच चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथाने आपल्या सभासदांना कुंडली, हस्तसामुद्रिक, शकुन यांपासून दूर राहायला सांगितले. यात विरोध दिसतो तो मनाई आणि तिरस्कार यांची गल्लत केल्यामुळे.

आणि आमच्याच जिल्ह्यातले पैठण विसरून कसे चालेल? एकनाथांनी भारुडांत जोशी आणला, पिंगळा आणला, भुत्या आणला, दारोदार फिरून भविष्य सांगणारी सगळी माणसे आणली आणि त्यांच्या तोंडून परमार्थ बोलवला. ग्रहांच्या भयात अडकलेल्या माणसाला त्यांनी जोश्याच्याच आवाजात सावध केले. जोश्याला हिणवून कोणाचे भय जात नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आषाढीला वाळूजजवळच्या छोट्या पंढरपूरला लाखो माणसे लोटतात तेव्हा बजाजनगरच्या रस्त्यांवरून दिंड्या जातात. त्या वारकऱ्यांच्या परंपरेत नवस आणि शकुन यांच्यावर तुकारामांनी ओढलेले कोरडे आमच्या कुठल्याही उपदेशकापेक्षा कडक आहेत. पलीकडच्या गल्लीतल्या बौद्ध घरांनीही ज्योतिष सोडले आहे, वेगळ्या कारणाने. आणि ती घरे तर बहुतेक वेळा आमच्याच नात्यातली; एका पणजोबाची नातवंडे, कोणी जालन्याकडे ख्रिस्ती झाले, कोणी 1956 नंतर बौद्ध. आपल्या या पणजोबांच्या सावलीचाही कधी काळी विटाळ मानला गेला. दुसऱ्याने आपल्याला अमंगळ म्हणणे म्हणजे काय, हे ज्या समाजाने इतके सोसले, त्याने हा शब्द जिभेवर आणताना दहा वेळा थांबावे.

रोजच्या व्यवहारात हे कसे करायचे? खंडेनवमीला कंपनीत मशिनची पूजा असते. आदल्या शिफ्टला मशिन धुऊन-पुसून लख्ख करतात, झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, नारळ, मग पेढे. ख्रिस्ती ऑपरेटर काय करतो? कोणी त्या दिवशी सुट्टी टाकतो, कोणी संडासात जाऊन उभा राहतो. करिंथच्या मंडळीला हाच प्रश्न पडला होता, मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा. पौल सांगतो की मूर्ती काही नाही; कोणी जेवायला बोलावले तर पुढ्यात येईल ते खा. दहाव्या अध्यायात तो भुतांच्या मेजाचाही उल्लेख करतो, आणि पुष्कळ जण तिथेच वाचन थांबवतात. पण त्याचे बोट पूजेत सहभागी होण्याकडे आहे, शेजाऱ्याच्या घरच्या जेवणाकडे नाही. म्हणून मला वाटते, मशिन सगळ्यांबरोबर मन लावून पुसावी, कारण वर्षभर तीच भाकर देते. पूजेच्या वेळी हात जोडायचे नसतील तर शांतपणे उभे राहावे. पेढा हातात आला तर खावा. ज्याचे मन एवढ्यालाही धजत नाही त्याने नम्रपणे नको म्हणावे. त्याला बाकीच्या ख्रिस्ती कामगारांनी मागासलेला म्हणू नये. पौलाला दुर्बल मनाच्या भावाचीही तितकीच काळजी होती.

टॅरोच्या बाबतीतही असेच. मंडळीतल्या कोणी पत्ते पाहिले असे कळले तर पाळकांनी किंवा एखाद्या जाणत्या बहिणीने एकटे भेटावे. पत्त्यांत काय आले हे विचारू नये. पत्त्यांना तू काय विचारलेस, हे विचारावे. तो प्रश्न नोकरीचा असेल तर मंडळीत कोणाच्या कंपनीत जागा आहे ते पाहावे, कर्जाचा असेल तर हिशेब मांडायला बसावे, लग्नाचा असेल तर ऐकून घ्यावे, आजाराचा असेल तर घाटी रुग्णालयात सोबत जावे. मग प्रार्थना करावी. आणि त्यानंतर शास्त्राची मनाई सांगावी, कारण ती सांगायची आहेच.

हिंदू शेजाऱ्याला मात्र ती आपण होऊन सांगायला जाऊ नये. पेत्राने आपल्या पत्रात विश्वासाचे कारण सांगायला तयार राहा म्हटले आहे, ते विचारणाऱ्याला, आणि तेही सौम्यतेने व आदराने. आमच्याकडे मुलीच्या लग्नाची तारीख ठरत होती तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकू पंचांग घेऊन खाली आल्या. मुहूर्त बघून देते म्हणाल्या, त्यांचा जीव आमच्या मुलीवर आहे. पत्नीने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "काकू, आम्ही मुहूर्त पाहत नाही. सगळे दिवस देवाचे असं आमचं मानणं आहे. हॉल ज्या दिवशी मिळेल तो दिवस धरू." काकूंनी विचारले, "मग भीती नाही वाटत?" ती म्हणाली, वाटते, म्हणून तर रोज प्रार्थना करतो. त्यावर काकू थोडा वेळ तिच्याशी प्रार्थनेविषयीच बोलत बसल्या, मग पंचांग घेऊन वर गेल्या. लग्नाच्या दिवशी हॉलवर सगळ्यांत आधी त्याच पोचल्या होत्या.